घोंगडीखालची बोटं

लग्न होऊन आणे गावात आले तेव्हा मला दोन गोष्टींचा फार राग यायचा. एक पाण्याचा. मी खालच्या आळे गावची, कालव्याच्या कडेला वाढलेली, घरी ऊस आणि कांदा. आणि इथे पठारावर उन्हाळा लागला की भाजी धुतलेलं पाणीसुद्धा बायका जपून ठेवायच्या. दुसरा राग नवऱ्याच्या पायांचा. हिवाळ्यात इथे असं वारं सुटतं की कानशिलं दुखतात. हे फौजेतून सुट्टीवर आले की दिवसभर वडिलांबरोबर मेंढरांमागे हिंडायचे, आणि घरी आले की माझ्या घोंगडीत शिरून गारठलेले पाय सरळ माझ्या पोटऱ्यांना लावायचे. मी ओरडायचे, "काढा ते पाय! माणसाचे हायेत का बर्फाचे?" पलीकडून सासूबाई खाकरायच्या. हे म्हणायचे, "सीमेवरनं थंडी आणलीय तुज्यासाठी, खास." मग मी लाथ मारायचे आणि हे पाय काही काढायचे नाहीत.

त्याच पायांसाठी पुढे मी झुरेन, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही लाथ मारली असती.

सासरचं घर मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं. सासऱ्यांपर्यंत ते चाललं. मग मेंढरं थोडी उरली, शेती वाढली, थोरला मुलगा फौजेत गेला आणि धाकट्याने टेम्पो घेतला. तो थोरला म्हणजे माझा नवरा. गाव त्यांना फौजी म्हणतं, म्हणून मीही इथे फौजीच म्हणते. नाव घ्यायची सवय मला नाही आणि या वयात लावून घ्यायचीही नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी फौजींनी मला बेल्ह्याच्या बाजाराला नेलं होतं. बायका भाजीपाल्याच्या बाजूला जातात, जनावरांच्या बाजूला सहसा नाही. मी हट्टाने गेले. चहाच्या गाड्यापाशी उभी राहून बघत होते, तर सासरे आणि एक व्यापारी एकमेकांचा हात धरून उभे. हातांवर उपरणं टाकलेलं. दोघं दोन दिशांना बघतायत, एक आभाळाकडे आणि एक बैलांकडे, तोंडाने अवाक्षर नाही, आणि उपरण्याखाली काहीतरी वळवळतंय. मला हसूच फुटलं. फौजी म्हणाले, "हसू नको. सौदा चाललाय." एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पुरा पंजा दाबला की पाच आणि दोनदा दाबला की दहा. भाव काय ठरतोय ते भोवतीच्या माणसांना कळू नये, म्हणून ही सगळी लपवाछपवी. तोंडाने माणूस हवं ते बोलतो, बोटं मात्र खरा आकडा सांगतात, असं सासरे म्हणायचे.

घरी आल्यावर फौजींनी मला ती बोटांची भाषा शिकवली आणि आम्हाला खेळच सापडला. संध्याकाळी सगळे ओसरीवर बसलेले असायचे. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली काळी घोंगडी आमच्या गुडघ्यांवर असायची आणि तिच्याखाली आमचा सौदा चालायचा. माल एकच: हे नसताना मला यांची आठवण किती येते? हे पुरा पंजा मागायचे. मी दोन बोटं द्यायचे. हे रुसल्यासारखं करून चारवर यायचे. मी अडून बसायचे. सासूबाई विचारायच्या, "काय खुदूखुदू चाललंय?" सासरे मात्र घोंगडीकडे एकदा बघून मिशीत हसायचे. आयुष्यभर उपरण्याखाली सौदे केलेला माणूस तो, त्याला काय कळणार नाही?

सुट्टी संपली की आळेफाट्यावर एसटीसाठी उभं राहायचं. ती काळी ट्रंक, तिच्यावर टाकलेला टॉवेल, भोवती नातेवाईक. टॉवेलखाली फौजी हात शोधायचे. मी मुद्दाम एकच बोट धरायचे. गाडी लागली, लोक ट्रंक चढवायला धावले की मग मी पुरा पंजा दाबायचे. दोनदा. आजही फाट्यावरून जाताना ती जागा बघितल्याशिवाय मला राहवत नाही. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.

मग तो अपघात झाला. डोंगरातल्या रस्त्यावर फौजेची गाडी घसरून खाली गेली. यांच्या डाव्या पावलाचा चुरा झाला. शेजारी बसलेले दोन जोडीदार गेले. ते दोघं आमच्या घरी येऊन मटण-भाकरी खाऊन गेलेले होते, एकाने तर सासूबाईंकडे ठेचा बांधून मागितला होता. पाऊल डॉक्टरांनी जोडलं, हाडं जुळली, जखम भरली. पेन्शन लागली आणि फौजी कायमचे घरी आले. मला वाटलं, सुटले. माणूस घरी आला, आता काय?

घरी आलेला माणूस वेगळाच होता. जखम भरूनही दुखणं गेलं नव्हतं. पावलाला आग लागायची, मिरची चोळल्यासारखी. नुसता चादरीचा काठ लागला तरी हे दात आवळायचे. वाऱ्याची झुळूक आली तरी पाय आखडून घ्यायचे. पाऊल कधी लालबुंद व्हायचं, पुढे पुढे निळसर आणि थंडगार राहायला लागलं. बाज वेगळी झाली. रात्री पाय पांघरुणाबाहेर, आणि त्या बाजूला हातभर अंतरावर कुणी यायचं नाही. घोंगडी मी ट्रंकेत घालून ठेवली, कारण तिचे राठ केस नुसते बघूनच ते पाय मागे घ्यायचे.

आणि मनाचं तर विचारूच नका. लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की हे घरातल्या घरात भिंतीला टेकून बसायचे, नजर दाराकडे. उताराच्या रस्त्याला गाडीत बसायचे नाहीत. ज्या माणसाने आख्ख्या बाजाराला हसवलं, तो दिवसदिवस बोलायचा नाही. मी भांडून बघितलं, रडून बघितलं, देवाला बोलूनही बघितलं. सासरे गेले तेव्हाही हे रडले नाहीत. एकदा उन्हात बसल्या बसल्या मला म्हणाले, "मी बी त्या दोगांसंगं गेलो असतो तर बरं व्हतं. तू तरी सुटली असतीस." मी उठले, शेतातल्या फवारणीच्या औषधाचे सगळे डबे उचलले आणि दिराच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला लावली. त्या दिवसापासून मी शेताला गेले तरी जीव घराकडे असायचा. पाय बरा होवो न होवो, हा माणूस मला राहायला हवा होता.

डॉक्टर काय कमी केले? नारायणगाव झालं, जुन्नर झालं, पुणं झालं. पण प्रत्येक ठिकाणी एकच तमाशा. डॉक्टर विचारायचे, किती दुखतं? आणि फौजी ताठ बसून म्हणायचे, "ठीक है सर." फौजेत कुरकुर करणाऱ्याला जवान म्हणत नाहीत म्हणे. डॉक्टरही काय करणार, गोळ्या लिहून द्यायचे. बाहेर आल्यावर मी एसटी स्टँडवर यांना फाडून खायचे आणि हे खाली मान घालून उभे राहायचे. मग मलाच वाईट वाटायचं आणि मी उसाचा रस आणायचे.

शेवटी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नुसतं दुखणंच बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पोहोचलो. बाई वयाने माझ्याएवढ्या, आवाज शांत. त्यांनी विचारलं, "दादा, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?"

"ठीक है मॅडम. तीन-चार."

मला असा संताप आला. तीन-चार! सकाळी गाडीत मोज्याची शिवण लागली म्हणून ओठ चावून रक्त काढलेला माणूस हा. तोंडावर आलेलं मी गिळलं आणि एकदम सासरे आठवले, बेल्ह्याचा बाजार आठवला. मी पदर ओढून यांच्या हातावर टाकला आणि पदराखाली हात धरला. बाई बघत राहिल्या. फौजींनी छताकडे बघितलं. किती तरी वेळ हात नुसता पडून राहिला. मग पुरा पंजा दाबला गेला. आणि पुन्हा एकदा.

"दहा," मी म्हणाले. "मॅडम, दहा हाये."

बाईंनी यांच्याकडे बघितलं. "खरं का दादा?"

फौजींनी छतावरून नजर काढली नाही. "हां जी," म्हणाले. पण पदराखाली माझा हात सोडला नाही.

मग बाईंनी आम्हाला नीट समजावलं. जखम भरली तरी नसा धोक्याचा भोंगा वाजवतच राहतात. आमच्याकडे चोर जाऊन तास झाला तरी कुत्रं भुंकत राहतं, तसंच काहीसं मला वाटलं. त्या म्हणाल्या, केटामाइन नावाचं जुनं औषध आहे, ऑपरेशनला भूल देण्यासाठी वापरतात. ते अगदी थोड्या प्रमाणात, सलाईनमधून सावकाश, दवाखान्यातच नजरेखाली देऊन बघू. काहींना उतार पडतो, काहींना पडत नाही, आणि पडला तरी तो कायमचा असेलच असं नाही. मनाच्या डॉक्टरांनाही सोबत घ्यायचं, कारण दुखणं आणि मन एकमेकांना धरून बसलेत. मनाच्या जडपणालाही या औषधाचा काहींना उपयोग होतो. चालू असताना तरंगल्यासारखं, विचित्र वाटेल, घाबरू नका. फौजी म्हणाले, घरी विचारून सांगतो. म्हणजे नाही. मला यांचं "घरी विचारून" चांगलं ठाऊक होतं.

घरी आलो. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या दारातच होत्या. धाकटे दीर टेम्पो धूत होते. मी औषधाचं नाव सांगितलं आणि दिरांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"वैनी, ह्ये तर बिबट्याचं औषध हाय!"

मी म्हणाले, "काय बोलताय?"

"आवं, मागं तुमच्या आळ्याला उसात बिबट्या घावला व्हता, ध्यानात हाय का? म्या गेलतो बघायला. फॉरेस्टवाल्यांनी बंदुकीतनं सुई मारली, अन् त्यो असा लवंडला. म्या त्यांच्या डॉक्टरला इचारलं, कंचं औषध? त्यांनी ह्येच नाव सांगितलं. ह्येच!"

झालं. आमच्या भागात बिबट्या कसा पकडतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. अर्ध्या तासात आळी गोळा झाली. आत्यांनी कपाळाला हात लावला. "माज्या लेकाला जनावराचं इंजेक्शन? आन् परत उठलाच नाय तर?" एक म्हातारे म्हणाले, पुण्याचे डॉक्टर प्रयोग करतात. एकजण म्हणाला, त्याने अंगात जनावराची ताकद येते. मीसुद्धा घाबरले, खोटं कशाला सांगू.

फौजी कोपऱ्यात उशीवर पाय ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "बिबट्या उठला का रं नंतर?"

"उठला की दादा. पिंजऱ्यात उठला. लई चिडला व्हता, नुसता गुरगुरत व्हता."

"मग काय," फौजी म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "घरात एक गुरगुरणारं हायेच. आनिक एक झालं तर काय बिघडतंय?"

आणि हसले. मोठ्याने, पहिल्यासारखे, मान मागे टाकून. त्या हसण्याचा आवाज मी विसरूनच गेले होते. मी आत जाऊन चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडले आणि मग बाहेर येऊन सगळ्यांना चहा केला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून सरळ विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हो ताई, औषध तेच. पण माणसांनाही ते वर्षानुवर्षं देतात. बिबट्याला पाडायचं असतं. दादांना पाडायचं नाही, नसांना गप्प करायचंय." आत्यांना मी हे तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी खंडोबाचा भंडारा पुडीत बांधून दिला, म्हणाल्या, उशाखाली ठिव.

सलाईन लागली तेव्हा मी शेजारी स्टुलावर होते. थेंब इतके सावकाश पडत होते की मला वाटलं बंदच पडली. नर्स सारखी येऊन रक्तदाब बघत होती. जरा वेळाने फौजींची नजर इकडेतिकडे फिरायला लागली. म्हणाले, "पठार दिसतंया. वरनं. मेंढरं बसल्यात." मग जीभ टाळूला लावून सासरे मेंढरांना हाकायचे तसा आवाज काढला. नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "मेंढरं वळवतायत. वळवू द्या." थोड्या वेळाने डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी त्या दोन जोडीदारांना हाका मारल्या. मोठ्याने नाही, शेजारच्या शेतातल्या माणसाला माराव्यात तशा. इतक्या वर्षांत त्यांची नावं मी यांच्या तोंडून ऐकली नव्हती. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

सलाईन संपल्यावर बाई आल्या. "दादा, किती?" फौजींना अजून नीट बोलता येत नव्हतं. मी चादरीखाली हात घातला. बोटं ढिली होती. मग एक, दोन, तीन बोटं धरली गेली आणि पुढे काही नाही. मला वाटलं अजून शुद्धीत नाहीत. पुन्हा हात पुढे केला. पुन्हा तीन. मी बाईंना तीन बोटं दाखवली.

आता खरं सांगायचं तर चमत्कार झाला नाही. सलग काही दिवस सलाईन चालली, मळमळ झाली, एके दिवशी डोकं गरगरलं म्हणून मध्येच थांबवली. घरी आल्यावर काही आठवडे बरे गेले आणि मग आग हळूहळू परत चढली, पण पूर्वीइतकी नाही. पुन्हा पुण्याला गेलो. अजूनही जातो. मनाच्या डॉक्टरांकडे हे तासभर बोलतात, माझ्याशी इतकं कधी बोलले नाहीत म्हणून मी टोमणे मारते. फवारणीच्या कोठीची किल्ली अजून माझ्या कमरेला आहे. पण शेतात गेल्यावर आता मी खुरपताना गुणगुणते, हे एकदा माझ्याच लक्षात आलं.

दवाखान्यातल्या एका बाईंनी पायाला स्पर्शाची सवय करायला शिकवलं होतं. आधी कापूस फिरवायचा, मग रेशमी कापड, मग सुती, मग टॉवेल. कापसाला महिना गेला. सुती कापडाला फौजी घामाघूम व्हायचे, टॉवेलला माझा हात झटकून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच टॉवेल घेऊन बसायचे. त्या बाईंचा धडा टॉवेलपाशी संपत होता. त्यांना घोंगडी ठाऊक नव्हती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, अंगणात ऊन. आत्या सुपात मटकी निवडत होत्या. मी बाजेच्या एका टोकाला बसून शेंगा फोडत होते, दुसऱ्या टोकाला फौजी. मध्येच म्हणाले, "आप्पांची घोंगडी कुठं हाये?"

मी म्हणाले, "ट्रंकेत. कशाला?"

"आण."

मी आणली. फौजींनी ती झटकली, उन्हात धुरळा उडाला, मेंढरांचा जुना वास आला. मग त्यांनी ती स्वतःच्या हाताने दोन्ही पायांवर पांघरली. आधी उजव्यावर. मग डाव्यावर. मी पायाकडे बघितलंच नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कपाळाची शीर फुगली, ओठ घट्ट मिटले. घोंगडी तशीच राहिली. मी शेंगांचं ताट खाली ठेवलं, पाय वर घेऊन घोंगडीत घातले, जुन्या सवयीने, आणि हात आत सरकवला. किती धरतील? सात? आठ? मी बोटांची वाट बघत बसले. आभाळाकडे बघत, सासऱ्यांसारखी.

बोटं आलीच नाहीत. घोंगडीखाली काहीतरी सरपटत आलं, थांबलं, परत थोडं पुढे आलं आणि माझ्या पोटरीला टेकलं. गारेगार. डावं पाऊल.

"काढा तो पाय!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने ओरडले की अंगणात बांधलेल्या शेळ्यांनी माना वर केल्या. "माणसाचा हाये का बर्फाचा?"

आत्यांच्या हातातलं सूप थांबलं. त्या आमच्याकडे बघत राहिल्या, डोळे भरलेले. मग तोंड फिरवून, पूर्वी खाकरायच्या तशाच खाकरल्या आणि मटकी निवडायला लागल्या.

मी लाथ मारली नाही. त्यांनी पाय काढला नाही.